मूठ, चिमूट आणि बोटांची पेरे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

बोटांची हाडे आणि पकड या विषयावरची पाच पत्रे या वेळी निवडली आहेत. पहिल्या पत्राचे उत्तर लांबले आहे, कारण तो प्रश्न एका ओळीत उरकण्यासारखा नाही.

प्रश्न : मी सातारा जिल्ह्यातील एका गावात मुलामुलींना मल्लखांब शिकवतो. दोरीच्या मल्लखांबासाठी मुले निवडताना आमचे वस्ताद आधी बोटे पाहत असत. आखूड, जाड पेरांच्या बोटांची पकड सुटत नाही आणि लांब, सडपातळ बोटांच्या मुलाने दोरीच्या नादी लागू नये, असे ते म्हणत. यात तथ्य किती? बोटांच्या हाडांच्या आकारावर पकड खरोखर ठरते का?

उत्तर : वस्तादांचे निरीक्षण चुकीचे नव्हते, पण त्यावरून त्यांनी बांधलेला नियम अर्धाच खरा आहे. तो अर्धा कोणता हे पाहण्याआधी एक गैरसमज दूर करावा लागेल. पकडीचा जोर बोटांत असतो असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात बोटे वळवणारे स्नायू बोटांमध्ये नसतातच. डाव्या हाताने उजव्या हाताचा कोपराखालचा मांसल भाग धरावा आणि उजवी मूठ आवळावी, म्हणजे जोर कुठे लागतो ते डाव्या हाताला लगेच कळते. बोटे मिटवणारे मुख्य स्नायू तिथे आहेत, काही लहान स्नायू तळहातात आहेत, आणि त्यांची ओढ बोटांपर्यंत पोहोचवण्याचे काम कंडरांचे, म्हणजे स्नायूंच्या टोकाशी असणाऱ्या चिवट, पांढऱ्या दोऱ्यांचे आहे. वैद्यकाच्या पहिल्या वर्षाला शरीररचना शिकवताना मी विच्छेदन केलेल्या हाताच्या मनगटाजवळची एक कंडरा चिमट्यात धरून ओढत असे. टेबलावर निश्चल पडलेल्या त्या हाताचे एकच बोट सावकाश वळे आणि सगळा वर्ग एक पाऊल मागे सरे. त्यानंतर बोटातल्या स्नायूंचे वर्णन उत्तरपत्रिकेत सहसा कोणी करत नसे.

मग हाडांकडे काय काम उरते? एका हातात २७ हाडे असतात : मनगटात ८, तळहातात ५ आणि बोटांत १४, कारण अंगठ्याला दोन पेरे असतात आणि बाकीच्या बोटांना प्रत्येकी तीन. मधल्या बोटाच्या पहिल्या, म्हणजे तळहाताला लागून असलेल्या पेराचे हाड सुटे हातात घेतले, तर त्याची पाठ गोलसर आणि तळव्याकडची बाजू जवळजवळ सपाट असल्याचे दिसते, आणि त्या सपाट बाजूच्या दोन्ही कडांवरून नख फिरवले तर खरखरीत कंगोरे लागतात. नवख्या विद्यार्थ्याला हे कंगोरे हाडातला दोष वाटतात. पण त्यांनाच एक तंतुमय आवरण घट्ट चिकटलेले असते आणि नाडीला जसा नेफा, तसे ते कंडरांना हाडालगत धरून ठेवते. हे आवरण ठरावीक ठिकाणी कड्यांसारखे जाड झालेले असते. त्यांतले पहिल्या पेरावरचे एक आणि मधल्या पेरावरचे एक अशी दोन कडी सर्वांत महत्त्वाची. कडे तुटले तर कंडरा हाडापासून सुटते आणि बोट वळवताना धनुष्याच्या दोरीसारखी त्वचेखाली उभी राहते. मग स्नायू पूर्वीइतकेच ओढत असला तरी बोट पुरते मिटत नाही. कातळाच्या बारीक खाचेत बोटांची टोके रुतवून चढणाऱ्या प्रस्तरारोहकांत, विशेषतः अनामिकेला, ही दुखापत वारंवार होते.

आता आखूड आणि लांब यांच्याविषयी. प्रत्येक पेर ही एक तरफ आहे. कंडरा सांध्याच्या आसापासून जितकी दूर, तितकी तीच ओढ अधिक परिणामकारक ठरते, आणि वस्तू सांध्यापासून जितकी दूर, तितकी ओढ कमी पडते. हाडांची टोके जाड असली म्हणजे कंडरा आसापासून थोडी अधिक अंतरावर राहते, आणि पेर आखूड असले म्हणजे वस्तू सांध्याच्या जवळ येते. त्यामुळे दोन मुलांचे कोपराखालचे स्नायू सारखेच असतील, तर जाड सांध्यांच्या आखूड बोटाचे टोक अधिक जोराने दाबेल, हा वस्तादांच्या नियमातला खरा अर्धा होय. मात्र दोरी ही बोटांच्या टोकांनी दाबण्याची वस्तू नाही, ती मुठीत वेढण्याची आहे, आणि वेढ्यात भार तिन्ही पेरांवर व तळहातावर वाटला जातो. तिथे प्रश्न बोट लांब की आखूड हा नसून बोटाची लांबी आणि धरायच्या वस्तूची जाडी यांचा मेळ बसतो की नाही हा असतो. पकडीचा जोर मोजण्याच्या प्रचलित उपकरणाचा दांडा पाच वेगवेगळ्या अंतरांवर लावता येतो. बहुतेकांचा जोर अगदी अरुंद अंतरावरही भरत नाही आणि अगदी रुंद अंतरावरही नाही, तो दुसऱ्या-तिसऱ्या अंतरावर सर्वाधिक भरतो. बारीक दोरीवर लांब बोटे दुमडून तळव्यात दाटी करतात आणि आखूड बोटे नेमकी बसतात. त्याच आखूड बोटांना जाड बांबू दिला तर वेढा अपुरा पडतो. वस्तादांनी आयुष्यभर दोरीच पाहिली, बांबू पाहिला नाही, एवढाच काय तो फरक.

बोटांची लांबी पाहण्यापेक्षा मी शिक्षकांना करंगळीकडे पाहायला सांगेन. हातात काठी सैल धरावी आणि मुठीवरच्या चार उंचवट्यांकडे पाहत मूठ आवळावी. तर्जनीचा आणि मधल्या बोटाचा उंचवटा जागचा हलत नाही, अनामिकेचा किंचित हलतो आणि करंगळीचा स्पष्टपणे खाली बुडतो. पहिल्या दोन बोटांमागची तळहातातली हाडे मनगटाला जवळजवळ खिळलेली असतात, तर करंगळीमागच्या हाडाच्या मुळाशी असलेला सांधा हलता असतो. त्यामुळे तळहाताला खोलगटपणा येतो आणि काठी, कोयत्याची मूठ किंवा दोरी तळव्यात तिरपी, घट्ट बसते. मुठीच्या जोरात अनामिका आणि करंगळी यांचा वाटा लोक समजतात त्याहून बराच मोठा आहे. दोरीवरून हात सुटताना आधी कोणते बोट उघडते हे पाहिले, तर कोणत्या मुलाला कशाचा सराव हवा ते कळेल.

आणखी एक गोष्ट आपण विचारलेली नाही, पण मला ती निवडीपेक्षा महत्त्वाची वाटते. वाढत्या वयात बोटाच्या प्रत्येक पेरात, तळहाताकडच्या टोकाशी, कूर्चेची, म्हणजे हाडापेक्षा मऊ, लवचिक ऊतीची, एक पट्टी असते. हाडाची लांबी तिथून वाढते आणि ती पट्टी हाडापेक्षा नाजूक असते. सतत बोटांवर भार घेणाऱ्या किशोरवयीन प्रस्तरारोहकांत मधल्या पेराची ही पट्टी ताणाने हळूहळू भंगल्याचे अनेकदा आढळते, आणि त्याची खूण म्हणजे मधल्या सांध्याच्या पाठीकडच्या बाजूला येणारी सूज आणि दुखणे. दोरीवर लोंबकळणे हा त्याच जातीचा ताण आहे. तेरा-चौदा वर्षांचे मूल त्या जागी दुखते म्हणाले, तर बोटाला पट्टी गुंडाळून सराव चालू ठेवू नये. दोरी बंद करून क्ष-किरण तपासणी करावी. प्रौढ हाड भाराला जाड होऊन उत्तर देते, दीर्घकाळ चढाई करणाऱ्यांच्या बोटांची हाडे भरीव झालेली दिसतात. वाढत्या हाडाला मात्र त्यासाठी उसंत द्यावी लागते.

प्रश्न : मी बारावीत शिकते. चिंपांझीच्या बोटांची हाडे कमानीसारखी वाकलेली असतात आणि आपली सरळ असतात, असे वाचले. मग सरळ हाडांमुळे माणसाची पकड कमकुवत झाली का?

उत्तर : कोणती पकड, हे आधी ठरवावे लागेल. ब्रिटिश शरीररचनातज्ज्ञ जॉन नेपियर यांनी १९५६ साली हाताच्या पकडीचे दोन मूळ प्रकार मांडले : वस्तू बोटे आणि तळहात यांच्यामध्ये आवळून धरणारी जोराची पकड, आणि वस्तू अंगठा व बोटांची टोके यांच्यामध्ये धरणारी नेमकेपणाची पकड. शास्त्राच्या भाषेत ही विभागणी महत्त्वाची ठरली. आपल्या स्वयंपाकघराला मात्र ती आधीपासून ठाऊक आहे, कारण आपण तांदूळ मूठभर घेतो आणि हिंग चिमूटभर.

फांदीला लोंबकळणाऱ्या प्राण्याच्या बोटाचा विचार करा. कंडरा हाडाला तळव्याकडे ओढत असते, फांदी त्याच हाडाला उलट बाजूने रेटत असते, आणि या दोहोंमुळे हाड मधोमध वाकवले जाते. हाड मुळातच फांदीच्या गोलाईप्रमाणे वळलेले असेल, तर हा वाकवणारा ताण कमी होतो आणि फांदीशी स्पर्शही अधिक होतो. म्हणून ओरांगउटान आणि गिबन यांच्या बोटांची पेरे सर्वांत वाकलेली, चिंपांझीची त्याहून कमी आणि आपली जवळजवळ सरळ असतात. हा बाक पूर्णपणे जन्मजात नसतो; कपींच्या पिलांत तो वयाबरोबर आणि झाडावरच्या वावराबरोबर बदलत जातो.

आपल्या पूर्वजांची बोटे एकदम सरळ झाली नाहीत, आणि हा भाग मला सर्वांत रोचक वाटतो. इथिओपियातील हदार येथे १९७४ साली जिचा सांगाडा सापडला ती मानवपूर्व मादी ‘लुसी’ सुमारे ३२ लाख वर्षांपूर्वीची. ती दोन पायांवर चालत होती, तरीही तिच्या जातीच्या बोटांना स्पष्ट बाक होता. टांझानियातील ओल्डुवाई घळीत १९६० साली हाताची जी हाडे मिळाली आणि ज्यांच्या अभ्यासात नेपियर स्वतः होते, त्यांत बोटांच्या टोकांची हाडे आपल्यासारखी रुंद, पण मधली पेरे दणकट आणि वाकलेली होती. त्या जातीला १९६४ साली ‘होमो हॅबिलिस’, म्हणजे कुशल मानव, हे नाव देण्यात आले. दक्षिण आफ्रिकेतील रायझिंग स्टार गुहेत २०१३ साली सापडलेल्या ‘होमो नालेदी’ या नामशेष मानवजातीने तर सर्वांनाच चकित केले : मनगट आणि अंगठा माणसाच्या वळणाचा, बोटे मात्र चांगलीच वाकलेली, आणि काळ अवघा २ लाख ३६ हजार ते ३ लाख ३५ हजार वर्षांपूर्वीचा. बोटे सरळ होणे आणि अंगठा कुशल होणे या दोन गोष्टी हातात हात घालून आल्या, असे सोपे चित्र त्यामुळे काढता येत नाही. केनियातील पश्चिम तुर्काना भागातून मिळालेल्या सुमारे १४ लाख २० हजार वर्षांपूर्वीच्या तळहाताच्या एका हाडावर, मधल्या बोटामागच्या, मनगटाच्या टोकाशी एक लहानसा उंचवटा आहे. तो आपल्या हातात आहे आणि कपींच्या हातात नाही. दगडावर दगड हाणताना किंवा अंगठ्याने जोर देताना ते हाड जागचे सरकू नये, यासाठी तो खुंटीसारखा उपयोगी पडतो.

नेमकेपणाच्या पकडीसाठी बाकापेक्षाही लांबीचे प्रमाण निर्णायक आहे. चिंपांझीची बोटे इतकी लांब आणि अंगठा इतका आखूड असतो की अंगठ्याची गादी तर्जनीच्या गादीला समोरासमोर नीट भिडत नाही. बारीक वस्तू तो बहुधा अंगठा आणि तर्जनीची कड यांच्यात धरतो. शिवाय अंगठ्याचे टोक स्वतंत्रपणे वळवणारा लांब स्नायू आपल्याकडे वेगळा आणि दमदार असतो, चिंपांझीत तो सहसा नसतो किंवा नावापुरता असतो. असाच एक फरक आपल्या गडकिल्ल्यांवरही पाहायला मिळतो. काळ्या तोंडाच्या वानराचा अंगठा फारच आखूड असतो आणि ते पाला ओरबाडून खाते. लाल तोंडाचे माकड मात्र अंगठा आणि तर्जनी यांच्यात एकेक दाणा टिपून उचलते. पुढच्या सहलीत खाऊची पिशवी सांभाळत हे अवश्य पाहावे.

प्रश्न : माझे वय ५८ आहे, राहणार रत्नागिरी. उकडीच्या मोदकाच्या कळ्या पाडताना आणि डब्याचे घट्ट झाकण उघडताना अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. बोटांच्या शेवटच्या सांध्यांवर गाठीही आल्या आहेत, पण त्या दुखत नाहीत. दुखते एकीकडे आणि हाड वाढते दुसरीकडे, असे का?

उत्तर : कळी पाडताना अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांची टोके पारीवर हलकी दाबली जातात. या टोकांतले हाड शेवटाशी फावड्यासारखे पसरट असते आणि त्यावर मऊ गादी असते. ही गादी हाडावरून सरकत नाही, कारण त्वचेपासून हाडापर्यंत तंतूंचे असंख्य धागे आरपार गेलेले असतात. गादीवाला कापूस जागचा हलू नये म्हणून टाके घालतो, तसाच हा प्रकार आहे. म्हणून पारी फाटू न देता नेमका तेवढाच दाब देता येतो.

पण टोकाशी दिलेल्या दाबाची किंमत अंगठ्याच्या मुळाला मोजावी लागते. तिथला सांधा खोगिराच्या आकाराचा आहे : एका हाडाचे खोगीर दुसऱ्या हाडाच्या खोगिरावर आडवे बसलेले. या आकारामुळेच अंगठा पुढे, मागे, आत आणि फिरून बाकीच्या चारही बोटांसमोर येऊ शकतो. मात्र ज्या सांध्याला एवढे स्वातंत्र्य असते त्याला हाडांचा आधार कमी असतो आणि सगळी भिस्त अस्थिबंधांवर, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांवर, राहते. तरफेचा हिशेब इथे उलटा बसतो. अंगठ्याच्या टोकाशी १ किलोचा दाब दिला तर मुळाच्या सांध्यावर सुमारे १२ किलोंचा भार येतो, असे गणित मांडले गेले आहे. वयाबरोबर, आणि स्त्रियांत अधिक प्रमाणात, तिथली कूर्चा झिजते. शेवटच्या सांध्यांवरच्या गाठी हीदेखील झिजेचीच खूण आहे, सांध्याच्या कडेला वाढलेले हाड आहे ते. सुरुवातीला त्या दुखतात, पुढे बहुधा शांत होतात, आणि तिथला भार मुळाच्या सांध्याइतका नसल्यामुळे कामात फारशी अडचण आणत नाहीत.

झाकण उघडताना चिमटीने न पिळता तळहात झाकणावर टेकवून खांद्यापासून फिरवावे, खाली ओले फडके ठेवावे. सुरी, झारा, पेन यांची मूठ जाड असावी. बारीक मुठीला चिमूट अधिक आवळावी लागते. दुखणे महिनाभर राहिले तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे, कारण अंगठ्याचा साधा आधारपट्टाही अनेकांना पुरेसा होतो. मोदक सोडण्याची गरज नाही. पारी वळण्याचे काम घरातल्या तरुण हातांकडे द्यावे आणि कळ्या मोजक्या पाडाव्यात.

प्रश्न : माझ्या मुलीची करंगळी अनामिकेकडे वाकलेली आहे. माझी आणि माझ्या वडिलांचीही तशीच आहे. पकडीवर परिणाम होईल का?

उत्तर : बाक थोडाच असेल तर नाही. करंगळीच्या मधल्या पेराचे हाड एका बाजूला आखूड, म्हणजे किंचित पाचरीसारखे असते, म्हणून टोक कलते. हे घराण्यात चालत येते. बोटांच्या आकाराला आनुवंशिकतेच्या इतिहासात मानही आहे : अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ विल्यम फॅराबी यांनी १९०३ साली एका कुटुंबातील आखूड बोटांचा वारसा मेंडेलच्या नियमांप्रमाणे चालतो हे दाखवले, आणि माणसाच्या शारीरिक लक्षणाबाबतचा तो अगदी आरंभीचा पुरावा होता. बाक वाढत चालला किंवा करंगळी अनामिकेवर चढू लागली, तरच तपासणी करावी.

प्रश्न : दोन महिन्यांपूर्वी माझ्या उजव्या तळहाताचे, अनामिकेमागचे हाड मोडले होते. हाड जुळले आहे आणि बोट सरळ ठेवले की काहीच दिसत नाही. मूठ वळली की मात्र अनामिका मधल्या बोटाखाली जाते आणि स्कूटरचा ब्रेक नीट धरता येत नाही. क्ष-किरण चित्रात सारे ठीक असल्याचे सांगितले गेले.

उत्तर : हाड जुळताना स्वतःभोवती थोडे फिरले असावे. क्ष-किरण चित्र सपाट असते, त्यामुळे असे फिरणे त्यात सहज निसटते. निरोगी हाताचे एकेक बोट वेगवेगळे मिटवून पाहा : चारही टोके सरळ खाली न जाता मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला असलेल्या एका लहान उंचवट्याच्या रोखाने जातात. तळहातातले हाड अवघे ५ अंश फिरले तरी मूठ मिटल्यावर बोटाचे टोक शेजारच्या बोटावर सुमारे दीड सेंटिमीटर सरकते, इतका हा रोख काटेकोर आहे. म्हणून हाताचे हाड मोडल्यावर शक्य तितकी मूठ वळायला लावून नखांची रांग पाहणे ही चित्रापेक्षाही विश्वासाची तपासणी ठरते.

आपण पत्रात असेही विचारले आहे की प्लास्टर घालताना बोटे मुळाशी वाकवून का ठेवली होती. तिथले डॉक्टर बरोबर होते. बोटे सरळ ठेवून फाकवावीत, सहज फाकतात. मुळाशी काटकोनात वाकवून फाकवून पाहावे, जवळजवळ हलत नाहीत. तळहाताच्या हाडाचे टोक चेंडूसारखे सारखे गोल नसून तळव्याकडे अधिक फुगीर आणि रुंद असते, त्यामुळे बोट वाकले की बाजूचे अस्थिबंध ताणले जातात आणि सरळ झाले की सैल पडतात. मूठ आवळल्यावर बोटे डगमगत नाहीत ती या आकारामुळे. सैल अवस्थेत काही आठवडे जखडून ठेवले तर हेच अस्थिबंध आखडतात आणि मग मूठ मिटेनाशी होते.

आता अनामिकेसाठी हातांच्या शस्त्रक्रियेचा अनुभव असलेल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे जावे आणि त्यांच्यासमोर बोट सरळ न दाखवता मूठ वळून दाखवावी. व्यायामाने सांध्याचा ताठरपणा जाईल, फिरलेले हाड मात्र व्यायामाने परत फिरत नाही. ब्रेक धरण्यात अडचण कायम राहिली तर ते हाड कापून योग्य रोखात बसवण्याची शस्त्रक्रिया करता येते, आणि ती दोन वर्षांनीही होऊ शकते, त्यामुळे निर्णयाची घाई नाही. तोवर स्कूटर दुसऱ्या कोणाला चालवू द्यावी.